दुकानाचे दार आणि त्याची निगा
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



चिटणीसांनी मला दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा मी शिक्षणावर बोलेन अशी आपली अपेक्षा असणार. परंतु आज मी दुकानाच्या शटरविषयी बोलणार आहे. विषय क्षुल्लक वाटेल. पण आपल्यापैकी कित्येक कुटुंबांची मीठभाकर त्या दारामागे आहे. आपले शहर बावन्न दरवाजांचे म्हणून ओळखले जाते. त्या दरवाजांचा आपणांस अभिमान वाटतो. मात्र गुलमंडीत, पैठण गेटजवळ रोज सकाळी ज्या दारांना आपण हात घालतो, त्यांच्याकडे आपले लक्ष नसते.

सेवानिवृत्तीनंतर मी धाकट्या बंधूंच्या दुकानात बसू लागलो. तेथे कामास असलेला मुलगा एके काळी माझ्याच वर्गात होता. तो दोनदा म्हणाला, "सर, शटर जड झाले आहे, मध्येच घसरते." मी उत्तरलो, "चालते आहे तोवर चालू दे." एके रात्री ते धाडकन खाली आले आणि त्याची दोन बोटे चेंगरली. बोटे वाचली, परंतु दोन महिने त्याचा हात कामाचा राहिला नाही. जन्मभर मुलांना 'वेळेवर ऐका' असे सांगणाऱ्या शिक्षकाने स्वतः ऐकले नाही, ही बोच अद्याप गेलेली नाही.

त्यानंतर कारागिराजवळ बसून मी हे यंत्र समजून घेतले. वरच्या नळीवर स्प्रिंगा असतात. शटर खाली ओढताना त्यांना पीळ बसतो आणि वर नेताना तोच पीळ आपला भार उचलतो. शटर जड झाले, तर प्रथम दोन्ही बाजूंचे चॅनल पाहावेत. आपल्याकडील उन्हाळ्याची धूळ तेथे साचते. आपण वरून घट्ट ग्रीस थापतो. त्याला धूळ चिकटून लगदा होतो आणि पट्ट्या अडकतात. म्हणून महिन्यातून एकदा जुना लगदा फडक्याने काढावा, हलक्या तेलाचा हात फिरवावा व जास्तीचे तेल पुसून घ्यावे. एवढे करूनही शटर जड राहिले किंवा घसरू लागले, तर दोष बहुधा स्प्रिंगेचा समजावा. तेथे मात्र घरच्या घरी हात घालू नये. पिळलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जायबंदी होतो. ते काम कारागिराचेच.

पट्ट्या आधी कोरड्या कुंच्याने झाडाव्यात, मग साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने वरून खाली पुसून लगेच कोरड्या कराव्यात. पाणीटंचाई आपल्या शहराला नवी नाही; या कामास अर्धी बादली पुरते. फरशी धुण्याचे ॲसिड खालच्या पट्टीस लागू देऊ नये, कारण गंज बहुधा तेथूनच चढतो. गंज दिसताच घासून रंग द्यावा. उघडताना दोन्ही कुलुपे काढल्याची खात्री करावी, शटर दोन्ही हातांनी समतोल उचलावे आणि मुलांना त्यास लोंबकळू देऊ नये.

आणखी एक गोष्ट जड अंतःकरणाने सांगतो. 3 एप्रिल 2024 रोजी पहाटे आपल्याच छावणी भागात खालच्या कापडाच्या दुकानास आग लागली आणि वरच्या मजल्यावरील एकाच कुटुंबातील सात माणसे धुराने गुदमरून गेली. तेथे दोष शटरचा होता असे मी म्हणत नाही. परंतु खाली दुकान व वर बिऱ्हाड असलेली घरे आपल्यातही पुष्कळ आहेत. ज्या घराची वाट शटरमधूनच आहे, तेथे ते आतून उघडते की नाही, किल्ली अंधारात सापडते की नाही, हे आज रात्रीच पाहावे. शक्य तर दुसरी वाटही ठेवावी.

बंधूंनो, शटर सहसा मालक उचलत नाही. दुकानातला सर्वांत लहान मुलगा उचलतो. त्याची तक्रार पहिल्यांदाच ऐका, एवढीच माझी विनंती आहे.