आयसीयूच्या दाराआड

(महिला कार्यकर्त्यांच्या आरोग्य शिबिरात केलेले भाषण)



आरोग्याचा विषय निघाला की आपण बाळंतपण, गर्भनिरोधके, गर्भपात, रक्तक्षय यांवर बोलतो. अतिदक्षता विभाग, म्हणजे आयसीयू, हा मात्र डॉक्टरांचा प्रांत समजून सोडून देतो. मी रुग्णालयात समाजसेविका म्हणून काम करते. आयसीयूच्या दाराच्या आत राबतात त्या परिचारिका आणि सफाईच्या मावशी. दाराबाहेर सतरंजी टाकून बसतात त्या आई, बायको, सून. आणि आत जंतुसंसर्ग झाला की बोट दाखवले जाते तेही बहुधा यांच्याकडेच. म्हणून हा आपला विषय आहे.

आधी हे जंतू कोण ते पाहू. अ‍ॅसिनेटोबॅक्टर, स्यूडोमोनास, क्लेब्सिएला अशी नावे तपासणीच्या कागदावर असतात. यांना संधिसाधू जंतू म्हणतात. धडधाकट माणसाला ते सहसा त्रास देत नाहीत. पण प्रतिकारशक्ती खचलेली असली आणि व्हेंटिलेटरची नळी, लघवीची नळी, शिरेतली सुई अशी वाट मिळाली, की ते फुफ्फुसात, रक्तात शिरतात. अ‍ॅसिनेटोबॅक्टर तर खाटेच्या कोरड्या कठड्यावरही कित्येक दिवस जिवंत राहतो.

प्रतिजैविकांचा मारा जितका जास्त, तितके त्यांना न जुमानणारे जंतूच मागे उरतात आणि वाढतात. कार्बापेनेम गटातली जबर औषधेही लागू पडेनाशी झाली की कोलिस्टिन काढावे लागते. मूत्रपिंडाला अपाय होतो म्हणून एकेकाळी मागे पडलेले हे जुने औषध आहे. कार्बापेनेमला दाद न देणारा अ‍ॅसिनेटोबॅक्टर जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ आणि २०२४ या दोन्ही याद्यांत सर्वांत गंभीर गटात ठेवला आहे.

दिल्लीच्या तीन मोठ्या रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात नवजात बाळांचा अभ्यास झाला. तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. जंतुदोष झालेल्या बाळांत सर्वाधिक सापडला तो अ‍ॅसिनेटोबॅक्टर. त्यातले ८२ टक्के जंतू अनेक औषधांना दाद देत नव्हते. बऱ्याच बाळांना हा दोष पहिल्या तीन दिवसांतच झाला होता. अशा वेळी घरचे काय म्हणतात? "हिनेच पथ्य पाळले नाही." ओल्या बाळंतिणीने हे ऐकून घ्यायचे आणि औषधासाठी अंगावरचा डागही तिनेच मोडायचा!

वॉर्डात बोलणी खाते ती मावशी. तिला ठेकेदाराचा तुटपुंजा पगार, हातमोजे मोजून, फडके आणि बादली एकच. ती काय काय पुसणार? आणि एकाच परिचारिकेकडे चार-पाच गंभीर रुग्ण सोपवले, तर प्रत्येक रुग्णाला हात लावण्याआधी आणि नंतर तिने हात धुवायचे कधी? जंतू एका खाटेवरून दुसरीकडे जातात ते मुख्यतः हातांवरून. त्यात मोठ्या डॉक्टरांचे हातही आले. पण त्यांना "हात धुतलेत का?" असे विचारायची सोय कोणाला आहे?

हे आजचेच नाही. १८४७ साली व्हिएन्नातल्या प्रसूतिगृहात डॉक्टरांच्या कक्षात सुइणींच्या कक्षापेक्षा कितीतरी जास्त बाळंतिणी तापाने दगावत होत्या. बायकांना ते ठाऊक होते. डॉक्टरांच्या कक्षात घालू नका म्हणून त्या हातापाया पडत. शवविच्छेदन करून आलेले डॉक्टर तसेच बाळंतपण करतात, हे सेमेलवाइस या डॉक्टरने ओळखले. क्लोरीनच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली आणि मृत्यू झपाट्याने घटले. तरी वरिष्ठांना ते मान्य करायला जड गेले. दोष आपल्या हातांत आहे, हे कोणाला कबूल करायचे असते?

तेव्हा आपण काय करायचे? रुग्णालयाच्या अधीक्षकांना गटाने जाऊन भेटू. संसर्ग नियंत्रण समिती आहे का, ती शेवटची कधी बसली? आयसीयूत किती जणांना रुग्णालयातच संसर्ग झाला, याची नोंद ठेवता का? प्रत्येक खाटेपाशी हात स्वच्छ करण्याचे द्रावण आहे का? दर पाळीला परिचारिका किती? मावशींना हातमोजे, प्रशिक्षण आणि कायम नोकरी का नाही? नातेवाइकांना संसर्गाची माहिती त्यांच्या भाषेत का देत नाही?

आपल्या वस्तीतही बोलू. सर्दी-खोकल्याला दुकानातून परस्पर प्रतिजैविके आणायची नाहीत. लवकर गुण यावा म्हणून डॉक्टरांकडे जबर इंजेक्शनाचा हट्ट धरायचा नाही. डॉक्टरांनी प्रतिजैविक लिहून दिलेच, तर ते कशासाठी हे विचारायचे.

परिचारिका, मावशी आणि बाहेर बसलेली आई यांना एकमेकींविरुद्ध उभे केले जाते. मावशीला कायम नोकरी मिळणे ही केवळ तिच्या पोटाची मागणी नाही. आत झोपलेल्या रुग्णाच्या जिवाचीही ती मागणी आहे. ती तिघींनी मिळून करायला हवी.