स्नेहाचे बोलणे
(ज्युबिलीच्या सभेत केलेले भाषण)



आपल्या बेलापूर स्टेशनाचे नवल आपणांस ठाऊकच आहे. पाटी बेलापूरची, परंतु स्टेशन उभे आहे श्रीरामपुरात. गाव राहिले दूर प्रवरेच्या काठी. नवखा पाहुणा तेथे उतरतो आणि गाव शोधीत बसतो. बोलण्याचेही पुष्कळदा असेच होते. शब्द निघतो स्नेहाने, पण उतरतो भलत्याच ठिकाणी.

याच दौंड-मनमाड लोहमार्गावरील राहुरीस रेव्हरंड नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई यांचा संसार काही काळ झाला. ती मंडळी आपल्या पंथाची नव्हती, तथापि त्यांचे उदाहरण आम्हांस जवळचे वाटते. १८९५ साली मुंबईस टिळकांचा बाप्तिस्मा झाला आणि पतिपत्नींची ताटातूट झाली. आप्तांचा रोष अनावर. अशा समयी धागा उरला तो पत्रांचा. बाईंना लिहावयास-वाचावयास टिळकांनीच शिकविले होते. तसे नसते तर एकाचे म्हणणे दुसऱ्यास तिऱ्हाइताच्या तोंडूनच कळते, आणि तिऱ्हाइताचे तोंड काय करिते हे सांगणे नलगे! काही वर्षांनी लक्ष्मीबाई नगरास आल्या, त्या आपला धर्म व सोवळे सांभाळूनच. बाप्तिस्मा त्यांनी घेतला १९०० साली, स्वतःचे मन वळल्यावर.

पुढे १९३४ साली ज्याचा पहिला भाग निघाला त्या 'स्मृतिचित्रे' ग्रंथात बाईंनी पतीचा तापटपणा मुळीच लपविला नाही. तरी वाचणारास टिळकांविषयी प्रेमच वाटते. खरे सांगावे आणि माणूस तुटू नये, हे आमच्या मते फार अवघड काम आहे.

आपल्याकडे मस्करीची कुस्करी होण्यास वेळ लागत नाही. लग्नाच्या पंगतीत कोणी सहज म्हणतो, "काय पाव्हणं, उसाचे पैसे मुरले वाटतं कुठं!" चार माणसे हसतात. पाव्हण्यांच्या घरी त्याच आठवड्यात सोसायटीचा तगादा आलेला असतो. मग पाटाच्या पाण्याची पाळी, बांधावरचे झाड, सारे जुने हिशेब बाहेर पडतात. वास्तविक मूळ त्या हसण्यात असते. हल्ली फोनवर लिहून धाडिलेल्या थट्टेत तर बोलणाऱ्याचा हसरा चेहराही दिसत नाही. रात्रीची गंमत सकाळी शिवीसारखी वाचली जाते.

यास्तव आम्ही एक सुचवितो. ज्या घरांशी बोलणे बंद आहे, तेथे ज्युबिलीच्या भोजनाचे आमंत्रण फोनवर न धाडिता दोघातिघांनी पायी जाऊन द्यावे. जुना वाद काढू नये. चहा पुढे आला तर घ्यावा.