कागदावरचे दान



ध्येयवादी चळवळ शत्रूच्या आघाताने क्वचितच संपते. बहुधा ती स्वतःच्या नोंदवहीवर संतुष्ट होऊन विझते. भूदान यज्ञाचा इतिहास या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

१९५१ साली तेलंगणात कम्युनिस्टांचा सशस्त्र लढा धुमसत होता. १८ एप्रिल रोजी पोचमपल्लीच्या भूमिहीन कुटुंबांनी आचार्य विनोबा भावे यांच्यापाशी ८० एकर जमीन मागितली. सभेतून रामचंद्र रेड्डी उठले व त्यांनी १०० एकर देऊ केले. ना बंदूक, ना कायदा, केवळ बंधुभाव! त्यातून पदयात्रा निघाली आणि काही वर्षांतच ४० लाख एकरांहून अधिक जमिनीची दानपत्रे जमा झाली.

कार्याचा पसारा वाढला, तसा त्यातील धोका प्रथम विनोबाजींनीच ओळखला. १९५६ साली पळणी येथे त्यांच्या प्रेरणेने भूदान समित्या विसर्जित झाल्या आणि गांधी स्मारक निधीचे साहाय्य थांबले. समिती व मानधन यांच्या आधाराविना जे टिकेल तेच खरे, अशी त्यामागील भूमिका होती.

परंतु आकड्यांचा मोह सुटला नाही. पुढे ग्रामदानाचे ‘तूफान’ आले. १९६९ साली ‘बिहारदान’ घोषित झाले. १९७० मध्ये सर्वोदय कार्यकर्त्यांना नक्षलवाद्यांच्या धमक्या आल्या, तेव्हा जयप्रकाश नारायण मुझफ्फरपूर जिल्ह्यातील मुसहरी प्रखंडात जाऊन राहिले. गावोगाव हिंडताना त्यांना आढळले, की स्वाक्षऱ्या झाल्या होत्या, पण भूमिहीनांच्या पदरी जमीन पडली नव्हती. देशभर दानातील पुष्कळ जमीन नापीक वा वादग्रस्त निघाली. पुष्कळशी वाटलीच गेली नाही. चळवळ ओसरल्यावर मागे उरली ती दप्तरे सांभाळणारी भूदान मंडळे.

विनोबाजींच्या तपश्चर्येला यामुळे उणेपणा येत नाही. मात्र दानपत्र हे जमिनीपर्यंत पोहोचण्याचे साधन होते; तेच साध्य होऊन बसले. स्वाक्षरी मिळताच कार्यकर्ता पुढच्या गावी गेला. मोजणी, ताबा, बैल, बियाणे यांसाठी मागे थांबणारा कोणी उरला नाही.

२०२५ च्या विजयादशमीला संघाला शंभर वर्षे पूर्ण झाली. शाखांची संख्या आणि संचलनातील गणवेशधारी यांचा अभिमान योग्यच आहे. पण ही आपली दानपत्रे आहेत. वृत्त भरताना प्रत्येक कार्यकर्त्याने एक रकाना मनाशी वाढवावा: वस्तीतील किती घरांत तो कार्यक्रमाचे निमित्त नसताना, सुखदुःखाला, हक्काने जाऊ शकतो? तो रकाना रिकामा असेल, तर बाकीचे आकडे कितीही मोठे असोत, जमीन अद्याप वाटली गेलेली नाही.