पेटीचे घर आणि हप्त्याचा कागद

पनवेल एके काळी बैलगाडीच्या चाकांसाठी नावाजलेले होते. घाट आणि बंदर यांच्या मध्ये वसलेले हे गाव. मालाची ने-आण हा त्याचा जुनाच धंदा. आता चाके गेली आणि पेट्या आल्या. १९८९ साली शेजारच्या उरण तालुक्यात न्हावा-शेवाचे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. तेव्हापासून या रस्त्यांवर लोखंडी पेट्यांची, म्हणजे कंटेनरची, रांग काही संपत नाही. बोटीवरची नोकरी झाली की यांतल्या पुष्कळ पेट्या जुन्या म्हणून विकल्या जातात. कुणी त्या विकत घेतो, खिडकी-दार कापतो, आतून पत्रा-फळी मारतो, रंग देतो आणि पुन्हा विकतो. मग तीच पेटी रस्त्याकडेला चहाचे दुकान होते, बांधकामावर मुकादमाची खोली होते, शेतावर राहण्याची सोय होते.

आता गिऱ्हाइकाकडे सगळी रक्कम रोख नसते. बँकेला अशा वस्तूवर कर्ज देणे सोयीचे वाटत नाही. तेव्हा विकणाराच म्हणतो, "थोडे आता द्या, बाकीचे महिन्याच्या महिन्याला द्या." यात वाईट काही नाही. विकणाराने स्वतःचे पैसे गुंतवलेले असतात, बुडण्याची जोखीमही त्याची असते. पण अशा व्यवहारात एक प्रश्न बहुतेक जण विचारायचा विसरतात. तो प्रश्न असा : शेवटचा हप्ता फिटेपर्यंत ही पेटी कुणाची?

त्याआधी किमतीचा हिशेब पाहू. आकडे मी सोयीसाठी धरतो. समजा, तयार खोलीची रोख किंमत १,२०,००० रुपये आहे. विकणारा म्हणतो, ३०,००० आता द्या आणि ९,००० रुपयांचे १२ हप्ते द्या. म्हणजे एकूण १,३८,००० झाले. जादा गेले १८,०००. उधारी होती ९०,००० ची. तेव्हा आपण म्हणतो, वर्षाला वीस टक्के पडले. पण थांबा. ते ९०,००० वर्षभर आपल्याकडे राहिले का? नाही. दर महिन्याला आपण मुद्दल परत करत गेलो. नीट हिशेब केला तर हे व्याज महिन्याला शेकडा तीनच्या जरासे खाली पडते, म्हणजे वर्षाला पस्तीस टक्क्यांच्या घरात. घ्यायचे की नाही हे ज्याने त्याने ठरवावे, पण रोखीची किंमत आणि हप्त्याची एकूण किंमत हे दोन्ही आकडे कागदावर शेजारी-शेजारी लिहून घ्यावेत. शाळेतल्या गुरुजींना माझी विनंती आहे की, व्याजाचा धडा शिकवताना हेच उदाहरण फळ्यावर मांडावे. मुले घरी जाऊन बापाला सांगतील.

आता मालकीकडे वळू. हप्त्याने घेण्याच्या दोन तऱ्हा आहेत आणि बोलताना दोन्ही सारख्याच वाटतात. पहिली, हप्त्याने विक्री. यात दोघांनी तसे ठरवले असेल तर माल पहिल्या दिवशीच आपला होतो आणि उरलेली रक्कम हे आपल्यावरचे देणे असते. दुसरी, भाडेखरेदी. यात आपण देतो ते आधी भाडे असते. सगळे हप्ते फेडून खरेदीचा हक्क बजावला म्हणजेच माल आपला होतो, तोवर मालक विकणाराच. सर्वोच्च न्यायालयानेही १९६५ सालच्या एका निकालात हाच फरक सांगितला आहे.

हा फरक वकिली बारकावा समजू नका. आपल्या उदाहरणात नऊ हप्ते दिले की गिऱ्हाइकाचे १,११,००० रुपये गेलेले असतात. शिवाय त्याने वीज घेतली, वर पत्र्याची शेड घातली. दहाव्या महिन्यात घरात दुखणे निघाले आणि हप्ता चुकला. आता विकणारा क्रेन घेऊन आला तर? कागदात भाडेखरेदी असेल तर तो म्हणेल, "पेटी माझीच आहे." विक्री असेल तर त्याचा हक्क राहिलेल्या पैशांवर आहे, पेटीवर नाही. दांडगाई करून उचलून न्यायचा अधिकार मात्र कुणालाच नाही.

तुम्ही म्हणाल, यासाठी सरकारने कायदा केला नाही का? केला होता. १९७२ साली संसदेने भाडेखरेदीचा स्वतंत्र कायदा मंजूर केला. पण तो कधी अमलातच आला नाही आणि २००५ साली रद्द झाला. त्यामुळे आज आधार आहे तो १८७२ चा करार कायदा, १९३० चा मालविक्री कायदा आणि तुम्ही सही केलेला कागद यांचा. करार कायद्याचे ७४ वे कलम एवढे सांगते की, कागदात दंडाची मोठी रक्कम लिहिली म्हणून ती सगळी वसूल होत नाही. न्यायालय वाजवी तेवढीच भरपाई देते. पण कोर्टाची पायरी चढण्यापेक्षा कागद आधी वाचणे स्वस्त पडते.

म्हणून कागदात चार गोष्टी असाव्यात. मालकी कोणत्या दिवशी बदलणार. हप्ता चुकला तर किती दिवसांची सवलत. पेटी परत गेलीच तर भरलेल्या पैशांचे आणि आपण केलेल्या खर्चाचे काय. आणि पेटीचा क्रमांक. प्रत्येक कंटेनरवर चार अक्षरे आणि सात आकडे असतात, ते जसेच्या तसे उतरवून घ्यावेत. दर हप्त्याची पावती घ्यावी. "आपला माणूस आहे, कशाला पावती?" असे म्हणू नये. पावतीने आपला माणूस आपलाच राहतो.

पुढे हीच पेटी विकायची झाली तर? माणसापाशी जेवढा हक्क, साधारणपणे तेवढाच तो दुसऱ्याला देऊ शकतो, हे मालविक्री कायद्याचे तत्त्व आहे. भाडेखरेदीचे हप्ते चालू असताना पेटी परस्पर विकली तर ती दुसऱ्याची वस्तू विकल्यासारखे होते. तेव्हा जुनी पेटी घेणाऱ्याने आधीचे बिल आणि "सर्व रक्कम पोचली" असा दाखला मागावा. स्वतःच्या वापरासाठी हप्त्याने घेणाराही कायद्याने ग्राहकच आहे, जिल्हा ग्राहक आयोगाकडे त्याला जाता येते. नफ्यासाठी फेरविक्री करायला घेणाऱ्याला मात्र ती सोय नाही.

माल कसा पाहावा? वीस फुटी पेटीत आतून सुमारे दीडशे चौरस फूट जागा मिळते. आत उभे राहून दार लावून घ्या. काळोखात छतातून उजेडाचा ठिपका दिसला तर तिथून पावसाळ्यात पाणी येणार. खाली वाकून तळाच्या आडव्या पट्ट्या पाहा, गंज तिथे आधी लागतो. तळाच्या लाकडाला बहुधा कीटकनाशक दिलेले असते, राहायचे असेल तर ते बदलून किंवा नीट झाकून घ्यावे. रिकामी पेटीच सव्वादोन टनांच्या आसपास भरते, म्हणून क्रेनचे आणि वाहतुकीचे भाडे कुणी द्यायचे तेही आधी ठरवा.

शेवटी जमिनीचे. अमेरिकेत कारखान्यात बांधून गाडीमागे ओढून नेलेली घरे फार आहेत. जुनी झाली की तीही विकणाराच हप्त्याने देतो. तिथे पुष्कळ कुटुंबांचे घर स्वतःचे, पण खालची जमीन भाड्याची असते. जमीनमालकाने भाडे वाढवले की घर हलवायला पैसे नसतात आणि हप्ते तर चालूच राहतात. आपल्याकडेही पेटी हलती असली तरी जमीन हलत नाही. जागा दुसऱ्याची असेल तर त्याची लेखी संमती घ्या. शेतजमीन असेल तर ग्रामपंचायतीत आणि तहसील कचेरीत विचारा. पनवेल तालुक्यातली बरीच गावे २०१३ पासून सिडकोच्या नैना क्षेत्रात आहेत, तिथे परवानगीची चौकशी सिडकोकडेही करावी लागते. आधी जागेची परवानगी, मग पेटीचा बयाणा, हा क्रम चुकवू नका.

ज्याला स्वतःला कागद वाचता येत नाही, त्याने सही करण्याआधी तो गावातल्या गुरुजींकडे न्यावा. आणि गुरुजींनी तो सावकाश, मोठ्याने वाचून दाखवावा. एक तास जाईल, पण पुढच्या बारा महिन्यांत आपण कुणाच्या घरात राहतो आहोत, हे त्या कुटुंबाला कळेल.