जुनी गाडी किती बसली आहे?



जुनी सफारी किंवा स्कॉर्पिओ घेऊन गॅरेजमध्ये येणाऱ्या तरुणांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा ठरलेला असतो: 'हिला दोन इंच उचलायची आहे, किती खर्च येईल?' माझा उलटा प्रश्नही ठरलेला असतो: 'ती बसली किती आहे, ते मोजलंय का?' आजचं माझं सगळं बोलणं या दुसऱ्या प्रश्नाभोवती आहे. गाडीचं रनिंग दोन लाखांच्या पुढे गेलं असेल, तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याच्या उत्तरात दडलेलं असतं.

या दोन्ही गाड्या आपल्याच मातीतल्या. सफारी १९९८ साली पुण्यातून आली, स्कॉर्पिओ २००२ साली नाशिकमधून. दोन्हींना स्वतंत्र चासी. सुरुवातीच्या पिढीतल्या सफारीच्या पुढच्या चाकांना टॉर्शन बार आणि मागे सलग ॲक्सलवर कॉइल स्प्रिंग. आज त्यांतल्या अनेक गाड्या तिसऱ्या-चौथ्या मालकाकडे आहेत आणि तो मालक मोठ्या हौसेनं त्या सांभाळतो. ही हौस मला मनापासून आवडते. म्हणूनच ती चुकीच्या जागी खर्च होऊ नये असं वाटतं.

समजा, तुमच्याकडे २००६ सालची सफारी आहे आणि रनिंग आहे २,८०,०००. सपाट फरशीवर गाडी उभी करा, चारही चाकांत हवा बरोबर ठेवा आणि चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. जमिनीपासून मोजू नका, नाहीतर झिजलेला टायरही हिशेबात शिरतो. डावी-उजवी बाजू ताडून पाहा आणि कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधल्या उंचीशी तुलना करा. वर्षानुवर्षं ओझं पेललेली स्प्रिंग कायमची थोडी दबलेली असते. पुढचा टॉर्शन बारही तसाच थकतो. कधी बोटभर, कधी इंचभर उंची हरवलेली सापडते. मागच्या नव्या स्प्रिंगा घातल्या आणि पुढचा भाग मॅन्युअलच्या मापावर आणला, की गाडी आपोआप 'उचलली' जाते. त्यात कायदा मोडत नाही, भूमितीही बिघडत नाही.

आता टॉर्शन बारकडे जरा सावकाश पाहू, कारण सर्वांत जास्त गैरसमज तिथे आहे. ही एक लांब सळई. तिचं एक टोक चासीला अडकलेलं, दुसरं सस्पेन्शनच्या आर्मला. चाक वर जातं तेव्हा सळई पिळली जाते आणि तो पीळच गाडी तोलून धरतो. चासीकडच्या टोकाला एक बोल्ट असतो. तो आवळला की पुढचा भाग वर येतो. पान्याचं थोडंसं काम, नवा भाग काहीच नाही, म्हणून अनेक मिस्त्री ते हसत करून देतात. पण बोल्ट आवळल्यानं सळई जास्त ताकदीची होत नाही. तिचा कडकपणा होता तेवढाच राहतो. बदलते ती फक्त आर्मची उभी राहण्याची जागा. तो खालच्या स्टॉपच्या जवळ जाऊन बसतो. मग चाक खड्ड्यात उतरायला जागाच उरत नाही, आर्म स्टॉपवर आदळतो आणि स्टिअरिंगमध्ये 'ठक्' असा हादरा येतो. मालक म्हणतो, शॉकअप गेले. तो नवे शॉकअप घालतो आणि आवाज तसाच राहतो.

त्यात बॉल जॉइंट, टाय रॉड एंड आणि रबरी बुश आधीच झिजलेले असतील, तर तिरक्या कोनात ते आणखी लवकर जातात. गाडी फोर बाय फोर असेल, तर पुढच्या ड्राइव्ह शाफ्टचे जॉइंटही रोज त्या कोनात फिरतात आणि त्यांचे बूट फाटतात. मागे उंचीसाठी स्प्रिंगला स्पेसर घातला की पॅनहार्ड रॉडमुळे ॲक्सल थोडा एका बाजूला सरकतो. ब्रेकचा रबरी पाइप चाक पूर्ण लोंबकळल्यावर ताणला जातो. ज्या गाड्यांत मागच्या ब्रेकचा दाब ओझ्यानुसार ठरवणारा व्हॉल्व्ह ॲक्सलला जोडलेला असतो, तिथे तर फसगत मोठी होते. मागचा भाग वर गेला, की त्या व्हॉल्व्हला गाडी रिकामी वाटते आणि तो मागचा ब्रेक कमी करतो. माणसांनी भरलेली गाडी घाट उतरत असताना हे घडावं असं कुणाला वाटेल?

आणि इतकं करून मिळतं काय? मागच्या सलग ॲक्सलवरचा डिफरन्शिअलचा गोळा स्प्रिंग कितीही उंच केली तरी एक मिलिमीटरही वर जात नाही. शेताच्या वाटेवर ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांमधला उंचवटा घासतो तो बहुधा त्याच गोळ्याला. त्याला उचलतो फक्त टायर. २३५/७५ आर १५ चा व्यास साधारण ७३४ मिलिमीटर. ३१ इंची टायर घातला तर साधारण ७८७. फरक ५३, पण गोळा वर येतो त्याच्या निम्मा, म्हणजे जेमतेम इंचभर. त्या बदल्यात काट्यावर शंभर दिसतात तेव्हा गाडी १०७ च्या आसपास असते, आणि जुन्या इंजिनाला चढ जड जातो. लिफ्टनं, म्हणजे गाडी उचलल्यानं, पोट आणि पुढचा भाग दगडांपासून सुटतो हे खरं. खडकाळ वाटेवर त्याचा उपयोग आहे. मराठवाड्याच्या काळ्या चिखलात मात्र उंचीपेक्षा टायरची नक्षी आणि चालवणाऱ्याचा संयम कामी येतो. पावसाळ्यात फरशी पुलावरून पाणी वाहत असेल, तर दोन इंचांनी काहीही बदलत नाही. उंच गाडीनं दिलेला विश्वास तिथे जीवघेणा ठरतो.

कलंडण्याचा हिशेबही सांगतो. दोन चाकांमधल्या रुंदीच्या निम्म्याला गुरुत्वमध्याच्या उंचीनं भागायचं. अमेरिकेची रस्ता सुरक्षा संस्था २००१ पासून गाड्यांच्या कलंडण्याच्या श्रेणीसाठी हा आकडा वापरत आली आहे. निम्मी रुंदी ७२ सेंटिमीटर आणि गुरुत्वमध्य ७० वर धरला, तर उत्तर १.०३. गुरुत्वमध्य पाच सेंटिमीटर वर गेला की ०.९६, म्हणजे कलंडण्याचा धोका वाढला. वर कॅरिअर, त्यावर सामान, वरंध घाटातलं वळण आणि समोरून येणारी एसटी, एवढं डोळ्यांपुढे आणा.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकानं ठरवलेल्या मूळ तपशिलात बदल करू देत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये तेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं नियमबाह्य बदलाला, प्रत्येक बदलामागे, पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. शिवाय पंधरा वर्षं झालेल्या गाडीला नव्यानं पासिंग करावं लागतं, तेव्हा गाडी निरीक्षकाच्या डोळ्यांसमोर उभी असते.

म्हणून त्या २००६ च्या सफारीबद्दल माझं मत असं. आधी चासी पाहा. कोकणातल्या खाऱ्या हवेत राहिलेली गाडी असेल, तर स्प्रिंगच्या बैठकीजवळ हातोडी मारून पाहा. गंजाचे पापुद्रे निघाले तर लिफ्टचा विषय तिथेच मिटला. चासी धड असेल, तर पैसा बुश, बॉल जॉइंट, शॉकअप आणि मागच्या नव्या स्प्रिंगांवर घाला. टायर मूळ मापाचेच, पण ऑल टेरेन नक्षीचे घ्या. पोटाखाली जाड गार्ड प्लेट लावा. अलाइनमेंट करा आणि सहा महिने गाडी चालवा. घरातली आजी आधाराशिवाय आत चढू शकते का, तेही बघा, कारण बहुतेक घरांत हीच गाडी दवाखान्यातही जाते.

सहा महिन्यांनंतरही त्याच दगडावर, त्याच जागी पोट घासत असेल, तर तो दगड तुम्ही वर्षातून किती वेळा ओलांडता ते मला येऊन सांगा. गाडी खासगी जमिनीवरच्या खडतर वाटांसाठीच ठेवलेली असेल आणि घरच्यांसाठी दुसरी असेल, तर आपण बसून बोलू. तेव्हाही बोलणं योग्य लांबीच्या स्प्रिंगा आणि शॉकअप, लांब ब्रेक पाइप, व्हॉल्व्हची नवी जुळणी आणि हेडलाइटचा खाली घेतलेला झोत या सगळ्यांचं मिळून होईल. नुसता बोल्ट आवळून द्या म्हणालात, तर ते काम मी करत नाही.