लेकराचे डोके दुखते तेव्हा

श्रोतेहो, लहान मुलाच्या मेंदूत गाठ होणे हे दुखणे फारसे आढळत नाही. पण आढळते तेव्हा ओळखायला उशीर होतो, म्हणून आज दोन शब्द.

समजा, चोपडा किंवा शिंदखेड्याकडच्या घरात सात वर्षांचा मुलगा सकाळी उठतो, डोके धरतो, ओकतो आणि तासाभरात खेळायला पळतो. आई म्हणते, पित्त झाले. आजी म्हणते, दृष्ट लागली. कोणी जंताचे औषध आणून देतो. यात दोष कोणाचाच नाही, बहुतेक वेळा कारण साधेच असते. पण हे दोन आठवडे चालले तर मात्र थांबू नये. गाठीमुळे मेंदूतील पाण्याची वाट अडते, डोक्यात दाब वाढतो. रात्रभर आडवे राहिल्याने तो आणखी चढतो, म्हणून त्रास सकाळचा!

आणखी काही खुणा पाहाव्यात. चालताना झोक जातो का? मान एका बाजूला कलते का? डोळा नव्याने तिरळा झाला, एकाचे दोन दिसू लागले, अक्षर बिघडले? तान्ह्याचे डोके भराभर मोठे होते आहे? असे असल्यास धुळ्याच्या किंवा जळगावच्या शासकीय रुग्णालयात मुलांच्या डॉक्टरांना दाखवा. सीटी किंवा एमआरआय तपासणीत गाठ दिसते. झटका आला किंवा मूल गुंगीत गेले, तर त्याच घटकेला निघा.

ही गाठ एकाची दुसऱ्याला लागत नाही. आईच्या खाण्यापिण्याने होत नाही, आणि प्रत्येक गाठ कर्करोगाचीही नसते. बहुधा आधी शस्त्रक्रिया, मग गरजेप्रमाणे किरण व औषधे. किरणांचा उपचार पुष्कळदा आठवड्यातून पाच दिवस, असा सहा आठवडे चालतो. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून कर्करोगाच्या सेवेत आहे. जळगावहून किंवा चाळीसगावहून गाडीत बसून दादरला उतरले की परळ पुढचेच. रुग्णांना उतरण्यासाठी दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळाही आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी रुग्णालयातच करावी. शिधापत्रिका आणि आधार जवळ ठेवावे.

खरी परीक्षा पुढे असते. मूल हसू लागते, इकडे कापूस फुटलेला असतो, मजुरी बुडते. बाप म्हणतो, बरा झाला, चला घरी. बाबांनो, अर्ध्यावर सोडलेल्या उपचाराचा भरवसा नाही. गाठ पुन्हा वाढू शकते.

घरी परतल्यावरही तपासण्या चुकवू नका. कधी ऐकू कमी येते, उंची खुंटते, पाठांतर मंदावते. गुरुजींनी अशा मुलाला पुढच्या बाकावर बसवावे, पेपराला थोडा अधिक वेळ द्यावा. 'ढ' म्हणू नये.

आणि शेजाऱ्यांनो, ते कुटुंब मुंबईत असेल तेव्हा त्यांच्या शेतातली एक वेचणी तुम्ही करून द्या. त्या लेकराच्या औषधात तुमचाही वाटा पडेल.