बाळसे आणि यकृत

गुटगुटीत मूल म्हणजे निरोगी मूल, ही समजूत वऱ्हाडात घरोघरी दृढ आहे. मेळघाटातील कुपोषणामुळे देशभर ज्याचे नाव झाले, त्या अमरावती जिल्ह्यात मुलांच्या यकृतातील मेदाविषयी बोलणे कोणास विसंगत वाटेल. परंतु या दोन प्रश्नांची मुळे एकाच मातीत आहेत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून खेड्यांतील गर्भवती माता व त्यांच्या बालकांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील बालकांचे ३.५ किलो भरले. मात्र वजनाच्या मानाने आपल्या बालकांच्या अंगी स्नायू कमी, मेद अधिक आढळला. असे मूल पुढे झपाट्याने वजनदार झाले, की घरच्यांना ते बाळसे वाटते आणि यकृतावर भार पडू लागतो.

यकृताच्या पाच टक्क्यांहून अधिक पेशींत मेद साठला, की तो विकार समजला जातो. पोटाचा वाढता घेर, आईवडिलांचा मधुमेह, बैठी दिनचर्या आणि गोड पेये ही त्याची प्रमुख कारणे. मूल तक्रार करीत नाही. मानेवर काळसर, मखमली पट्टा दिसतो. आई तो मळ समजून घासत राहते. वस्तुतः ती इन्सुलिनचे कार्य बिघडल्याची खूण असते.

अकोल्यात मे महिन्यात पारा अनेकदा ४५ अंशांना टेकतो. दुपारी मैदान बंद, हाती मोबाइल आणि शीतपेयाची बाटली! ३०० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे ३० ग्रॅम साखर, म्हणजे सहा-सात चमचे. तिच्यातील फ्रुक्टोजचे मेदात रूपांतर होते ते मुख्यतः यकृतातच. माठातील पाणी आणि ताक घरी असताना ही बाटली विकत घ्यावी लागते, हे नवलच.

ज्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ साली बर्लिनला भारतीय खेळ दाखवून आले, तेथील मुलांना सकाळ-संध्याकाळ मिळून तासभर खेळ अवघड नसावा. वाढत्या वयात उपासमार मात्र करू नये. ज्वारीची भाकरी, वरण, पालेभाजी पोटभर द्यावी. स्थूल मुलाची नवव्या ते अकराव्या वर्षी एएलटी ही रक्ततपासणी करून घ्यावी. केवळ सोनोग्राफी निर्दोष आली म्हणून निश्चिंत राहू नये. थोडा मेद तीत दिसतही नाही.